सात चित्रांतला एकच डाग

अप्पांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचे तर आधी त्यांना गप्प बसवावं लागे, आणि धाकटीचा विषय निघाला की अप्पा गप्प बसत नसत.

"मान वर करा," अंजली म्हणाली.

"केली की. बुधवारी येतीय ना दर्शनी? शनिवारी भाषण हाय तिचं. बारामतीला. तुझ्याच कॉलेजात गं, अंजू!"

थेंब गालावर ओघळला. अंजलीने तो पदराने टिपला आणि दुसरा घातला, बाटली जरा जोरातच दाबून.

तुझ्याच कॉलेजात. अप्पांनी आनंदाने म्हटलेले ते दोन शब्द दिवसभर तिच्या तोंडात कारल्याची बी अडकावी तसे राहिले.

अंजली बावड्याजवळच्या वस्तीवर राहायची. नवरा रविंद्र, अडीच एकर डाळिंब, आणि आई गेल्यापासून अप्पाही तिच्याकडेच. अप्पा इंदापूरच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरकडे नेणं, हिरवा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, सगळं थोरलीकडे. धाकटी प्रियदर्शनी, घरच्यांची दर्शनी, पुण्यात आकाशावर संशोधन करायची आणि रविवारी फोन करायची. त्या दहा मिनिटांच्या फोनवर अप्पा आठवडाभर जगायचे.

वीस वर्षांपूर्वी अंजली बारामतीच्या त्या कॉलेजातून बी.एस्सी.ला फिजिक्समध्ये पहिली आली होती. पुण्याला एम.एस्सी.च्या यादीत नावही लागलं होतं. त्याच जूनमध्ये आईला पक्षाघात झाला. दर्शनी तेव्हा सातवीत. कुणीतरी घरी राहायला हवं होतं, आणि कुणीतरी म्हणजे थोरलीच. तिला कुणी जाऊ नको म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. आईचं अंथरूण-पांघरूण उरकलं की ती दर्शनीला इंदापूरच्या घराच्या गच्चीवर न्यायची आणि कृत्तिका दाखवायची. "मोज बरं, किती दिसतात?" दर्शनी पाच मोजायची, अंजलीला सात दिसायच्या.

आता तीच दर्शनी अंजलीच्या कॉलेजात पाहुणी म्हणून जाणार होती. शाल घ्यायला.

बुधवारी ती आली. रविंद्र मुद्दाम वाट वाकडी करून भिगवणला गेला आणि ताजी चिलापी घेऊन आला.

"मेव्हणी आली की मासा येतो," अंजली म्हणाली. "एरवी मी म्हटलं की तुमची गाडी पंक्चर असते."

"आगं, ती वर्सातनं दोनदा येती. तू रोज हायेस की!"

रविंद्र सहज बोलून गेला. अंजलीने मासे साफ करताना एवढ्या जोरात खवले काढले की ते खिडकीच्या गजांना चिकटले. जेवताना मधला तुकडा अप्पांनी आपल्या ताटातून उचलून दर्शनीच्या ताटात ठेवला. दर्शनीने तो न बघता खाल्ला. ज्याला नेहमीच मधला तुकडा मिळतो त्याला तो मधला आहे हे कळतही नाही, असं अंजलीच्या मनात आलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

गुरुवारी दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये डाळिंबाची निवड चालू होती. एका बाजूला तोडलेल्या मालाचा ढीग, समोर गोणपाटावर अंजली आणि सिंधुबाई. सिंधुबाई चौदा वर्षं या शेडमध्ये येत होती. तिच्या हातांना जेवढं काम, तेवढंच तोंडाला. फळ उचलायचं, एकदा बोटांत फिरवायचं आणि टाकायचं: चांगलं या क्रेटमध्ये, डागी त्या क्रेटमध्ये. काट्याचा ओरखडा वेगळा, उन्हाचा चट्टा वेगळा, तेल्या रोगाचा काळपट, चिरत जाणारा डाग वेगळा. अंजलीला विचार करावा लागत नसे. हाताला कळायचं.

दर्शनी हातात जाड कागदावर छापलेली चित्रं घेऊन आली आणि पालथ्या क्रेटवर बसली.

"ताई, तुझी नजर चांगली आहे. यातली दिसायला छान अशी तीन निवडून दे ना. शनिवारी पडद्यावर मोठी दाखवायचीत."

"कसली आहेत?"

"थांब, तुला कळेल असं सांगते."

अंजलीच्या हातातलं डाळिंब क्षणभर थांबलं. तुला कळेल असं. जिने हिला तारा आणि ग्रह यातला फरक शिकवला, तिला कळेल असं.

"हे बघ. हजारो दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची गावं, एकत्र राहतात, त्यांचा एक पुंज. आणि पुंजाच्या अगदी मध्यावर एक सगळ्यांत मोठी दीर्घिका असते. आजूबाजूच्या लहान दीर्घिका गिळून गिळून ती मोठी झालेली असते. पण ती असते म्हातारी. नवे तारे जन्माला येणं कधीच थांबलेलं. सगळा उजेड जुना, पिवळट."

"म्हंजी मोठ्या घरातली थोरली सासू," सिंधुबाई म्हणाली.

दर्शनी हसली. "तशीच. पण काहींच्या पोटात धूळ सापडते. काजळीसारखी बारीक. आता गंमत अशी, की पुंजात सगळीकडे भयंकर तापलेला वायू असतो. त्यात धूळ टिकत नाही, झिजून जाते. तरी दिसली, तर ती ताजी असते. म्हणजे तिथे वायू गार होऊन मध्यावर उतरत असणार. आणि गार वायू आणि धूळ जिथे, तिथे नवे तारे. ज्या म्हातारीचं सगळं संपलं असं आपण धरून चाललो, तिच्या पोटात अजून जन्म चालू असतो. मी तीस मधल्या दीर्घिका पाहिल्या. अकरांत धूळ सापडली. इतकी कुणाला अपेक्षाच नव्हती!"

"आबाळातली धूळ बगाया सरकार पगार देतं व्हय?" सिंधुबाईने विचारलं. "आमच्यात या की पाव्हणीबाई. रोज झाडतो, रोज ताजी येती."

अंजलीने हात पुसले आणि ती अकरा चित्रं गोणपाटावर मांडली. प्रत्येकात मधोमध एक पिवळट, कडा विरत गेलेला गोळा. तिने पाहायला सुरुवात केली आणि हाताने आपलं नेहमीचं काम केलं. चार चित्रं एकीकडे गेली, सात दुसरीकडे. का, ते तिला नंतर कळलं.

चारांतली धूळ कशीही होती. एकीत दोऱ्यासारखी गुंतलेली, एकीत पट्टा, एकीत नुसती मधे सांडल्यासारखी. आणि या चौघींत धुळीच्या काठाकाठाने निळे बारीक कण होते. पण त्या सात चित्रांत निळं काही नव्हतं. फक्त एक फिकट काळी कमान. घड्याळात आठ वाजतात त्या जागी. सातही चित्रांत आठच्याच जागी, तेवढीच जाड, तेवढीच वाकलेली.

दोन वर्षांपूर्वी डाळिंबांच्या देठाशी अशीच एक खूण येऊ लागली होती. रविंद्र घाबरला, नवा रोग आला म्हणून फवारणीचं औषध आणायला निघाला. अंजलीने पंधरा फळं ओळीने मांडली आणि म्हणाली, "थांबा. रोग एकच जागा धरून बसत नाही. फळागणिक डाग हलतो. सगळ्या फळांना एकाच जागी डाग असेल तर फळ बघायचं नाही, क्रेट बघायचा." एका क्रेटची पट्टी तुटून आत आलेली निघाली.

"या सात जणी एकाच दिवशी काढल्यास का गं?" तिने विचारलं.

दर्शनी फोनमध्ये बघत होती. "तसं नसतं ताई ते. चित्रावर खूप प्रक्रिया असते. तुझ्या लक्षात नाही यायचं. तू फक्त छान कुठली दिसतात ते सांग."

अंजलीने एकदा बहिणीकडे पाहिलं. मग सातांच्या गठ्ठ्यातून तीन उचलली.

"ही तीन."

"मलाही हीच आवडली होती!" म्हणत दर्शनी उठून गेली.

त्या दिवशी अंजलीने स्वयंपाक करताना गाणं गुणगुणलं. रविंद्रने दारातून डोकावून पाहिलं, इतकी ती गोष्ट दुर्मिळ झाली होती. तिच्या डोळ्यांसमोर सभागृह होतं. पडद्यावर भिंतीएवढी चित्रं, पहिल्या रांगेत फिजिक्सची माणसं, आणि कुणीतरी हात वर करून विचारतंय, 'मॅडम, ही कमान तिन्हींत एकाच जागी कशी?' कुणी नाहीच विचारलं तर ती स्वतः उठणार होती. नम्रपणे. 'मला फारसं कळत नाही,' अशी सुरुवात करून.

शुक्रवारी सकाळी जेवणाच्या वेळी दर्शनी अप्पांना सांगत होती, की सोमवारी तिचा लेख छापायला जाणार. परदेशात. अकरा दीर्घिका, हाच त्यातला सगळा जोर. "चारच असत्या तर कुणी विचारलंही नसतं अप्पा. चार इतरांनाही सापडल्यात."

अप्पा म्हणाले, "अकरा!" जणू त्यांनीच मोजल्या होत्या.

अंजलीने भाकरी उलटली. काल गोड लागलेली गोष्ट आज तशी लागत नव्हती. समजा सभेत कुणी विचारलं नाही. समजा ती स्वतःही उठली नाही. लेख गेला, सहा महिन्यांनी कुठल्यातरी देशातल्या माणसाने चूक काढली. दर्शनीची मान खाली जाईल, ते ठीक. पण मग नाव त्या माणसाचं होईल. बावड्याच्या शेडमध्ये, गोणपाटावर बसून, ते सगळ्यांत आधी कुणाला दिसलं होतं, हे कुणाला कधी कळणारच नाही. गप्प राहून ती दर्शनीला बुडवणार होती, पण त्याबरोबर स्वतःची नजरही बुडवणार होती.

दुपारी शेडमध्ये सिंधुबाईने चांगल्या क्रेटमधून एक फळ काढून तिच्यासमोर धरलं.

"वैनी, ध्यान कुठं हाय? ह्यो बगा तेल्या. चांगल्या मालात टाकला तुमी."

अंजलीने फळ हातात घेतलं. देठाशी चिरलेला काळा डाग, आंधळ्यालाही दिसावा असा. चौदा वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं.

ती उठली. फळं गुंडाळायचा पातळ पांढरा कागद घेतला, पेन घेतलं आणि घरात गेली.

दर्शनी अप्पांसमोर भाषणाची तालीम करत होती. चित्रं पलंगावर पसरली होती. अंजलीने एका चित्रावर पातळ कागद ठेवला, कडा जुळवल्या आणि कमान पेनाने गिरवली. कागद उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवला. मग तिसऱ्या. सातही चित्रांवर पेनाची रेघ त्या कमानीवर बसली. केसभरही हलली नाही.

"डाग दीर्घिकेवर नाही," ती म्हणाली. "तुझ्या कॅमेऱ्यावर आहे."

"ताई, तो काढून टाकलेला असतो. रोज संध्याकाळी कोऱ्या आभाळाचं चित्र घेतो आम्ही. कॅमेऱ्यावर जी काही धूळ असेल ती त्यात दिसते, आणि मग..."

ती बोलता बोलता थांबली. लॅपटॉप ओढला. तारखा बघू लागली. तिच्या यादीत दीर्घिका अंतराप्रमाणे लावलेल्या होत्या, तारखेप्रमाणे कधी लावल्याच नव्हत्या. आता लावल्या. सातही एकाखाली एक आल्या, एकाच तारखेच्या.

"निरीक्षणाचा तिसरा दिवस," दर्शनी हळू आवाजात म्हणाली. "त्या संध्याकाळी ढग होते. कोरं आभाळ मिळालंच नाही. आदल्या दिवशीचं वापरलं मी. त्यानंतर कण बसला असणार काचेवर." मग आणखी हळू: "खरी धूळ अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या प्रकाशात चमकते. या सातांतली तिथे दिसतच नव्हती. मी म्हटलं, दूर आहेत म्हणून."

मग तिने मान वर केली.

"तुला हे कधी दिसलं?"

"काल."

"काल? आणि तरी तीच तीन निवडून दिलीस?"

अंजलीने पातळ कागदाची घडी घातली. आणखी एक घातली.

"हो."

"भर सभेत माझं हसं व्हावं, हेच पाहिजे होतं तुला."

"पाहिजे होतं," अंजली म्हणाली. "काल पाहिजे होतं. तुला कळेल असं सांगते, म्हणालीस. मी विचारलं तर म्हणालीस, लक्षात नाही यायचं. आलं लक्षात."

अप्पा हिरव्या चष्म्यातून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. "आगं पोरींनो..." एवढंच म्हणाले.

दर्शनी रडेल असं अंजलीला वाटलं होतं. खरं म्हणजे तयारी त्याचीच होती. मग जवळ घेता आलं असतं, थोरली होता आलं असतं. पण दर्शनीने केस मागे बांधले आणि म्हणाली, "मला संध्याकाळपर्यंत कुणी हाक मारू नका." आणि ताठ बसून कामाला लागली.

अंजली चहा ठेवायला गेली आणि मनातल्या मनात पुन्हा तोलत राहिली. हिचं सगळं कोसळलं, तरी हिच्यापुढे उभं करायला काहीतरी होतं. चूक करायलासुद्धा आधी तेवढं काम असावं लागतं. आपल्याकडून फार तर एक डाळिंब चुकतं.

शनिवारी रविंद्रच्या पिकअपमधून सगळे बारामतीला गेले. पुढे रविंद्र, अप्पा आणि पाहुणी. मागे रिकाम्या क्रेटवर सतरंजी टाकून अंजली आणि सिंधुबाई, कारण सिंधुबाईला 'धुळीवरचं भाषण' ऐकायचंच होतं.

फिजिक्स विभागाच्या भिंतीवर पहिल्या आलेल्यांची नावं लिहिलेला लाकडी फलक होता. '२००४ — अंजली मारुती सोनवणे.' पांढरा रंग उडून 'मारुती' अर्धा राहिला होता. फलकाखालच्या टेबलावर शाल, रोप आणि पुस्तक मांडलेलं, आजच्या पाहुणीसाठी.

दर्शनी चांगलं बोलली. हे अंजलीला मान्य करावंच लागलं.

"काल दुपारपर्यंत मी तुम्हाला अकरा दीर्घिका दाखवणार होते," ती म्हणाली. "आज चार दाखवते. बाकीच्या सातांतली धूळ आकाशातली नव्हती, माझ्या कॅमेऱ्यावरची होती. लेख सोमवारी जाणार नाही."

सभागृहात जरा हसू, जरा कुजबुज. मग पडद्यावर चौथी दीर्घिका आली. भिंतीएवढी. म्हातारी, पिवळी, थोराड, आणि तिच्या पोटात काळ्या धुळीचा गुंता. गुंत्याच्या कडेला निळे ठिपके. नवे तारे. कागदावर ते कण वाटले होते. इथे ते पेटलेले दिसत होते. अंजली बघत राहिली. शाल तिला नको होती, हे तिला त्या अंधाऱ्या सभागृहात कळलं. तिला हे पाहिजे होतं. त्या चित्राकडे जगात सगळ्यांत आधी बघायचं होतं, आणि ते दर्शनीने बघून टाकलं होतं. इतका हेवा तिने आयुष्यात कधी केला नव्हता.

श्रेया नावाची एक विद्यार्थिनी उठली. "मॅडम, तो डाग कॅमेऱ्यावरचा आहे हे कसं कळलं?"

दर्शनीची नजर क्षणभर तिसऱ्या रांगेत बसलेल्या अंजलीकडे आली.

"तपासताना लक्षात आलं," ती म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

"कुणी तपासताना?" सिंधुबाई चांगलं मोठ्याने पुटपुटली. "नाव घ्याया काय जिभंला काटा टोचतुय?"

"गप्प बसा, सिंधुबाई."

परतीच्या वाटेवर अंजली ते वाक्य उलटसुलट फिरवत राहिली, डाळिंब फिरवावं तसं. राग यायला जागा होती. पण दर्शनीने तिची नजर सांगितली नव्हती, तसं तिचं कृत्यही सांगितलं नव्हतं. कुणी ती तीन चित्रं निवडून दिली होती, हेही झाकलेलंच राहिलं होतं. त्यामुळे भांडायला तोंड कुठून उघडायचं, तेच कळेना.

रविवारी दर्शनी गेली. जाताना "येते ताई" म्हणाली, गळ्यात पडली नाही. पुढच्या रविवारी तिचा फोन अप्पांशीच झाला. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, शेडमध्ये अंजलीचा फोन वाजला. दर्शनीचा निरोप. 'ताई, एकशे बारा चित्रं पाठवतेय. कच्ची, काही न पुसलेली. तारखा मुद्दाम काढून टाकल्यात. कुठली धूळ तिथली आणि कुठली इथली, निवडून दे. का ते प्रत्येकीपुढे लिही.'

आभार नाहीत, माफी नाही. तुला कळेल असं, हेही नाही. अंजलीने निरोप तीनदा वाचला.

'तोडणी चालू आहे,' तिने लिहिलं. 'रविवारनंतर बघेन. आणि लेखात नाव घालायचं. पूर्ण. अंजली मारुती सोनवणे.'

उत्तर लगेच आलं. 'आधी निवडून तर दे. मग नावाचं बघू.'

"आगाऊ कार्टी," अंजली मोठ्याने म्हणाली.

"कोण वो?" सिंधुबाईने विचारलं.

"आहे एक." तिने हात पदराला पुसले, गोणपाटावर मांडी घातली आणि रविवारची वाट न बघता पहिलं चित्र उघडलं. बोटांनी ते मोठं केलं आणि आधी आठच्या जागेकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग ती मध्याकडे वळली.

"सिंधुबाई, हा ढीग आज तुम्ही एकट्या उरका," ती मान वर न करता म्हणाली. "माझा माल आलाय."